दुसरा शिक्का

मुरारच्या आमच्या गल्लीत एकच बोअर.
पाणी आरशासारखं, चवीला गोड,
पाहुणे लोटीभर जास्तच मागत.
आता तोटीला लाल रंग फासलाय,
आणि पोरं तिला हात लावून पळतात,
तोच त्यांचा नवा खेळ.

फडणीसांची ऋजुता आली
वजनकाटा आणि झाकणाच्या डब्या घेऊन.
"काका, सकाळची पहिली लघवी."
चौतीस वर्षं मोतीमहालात, एजी ऑफिसात,
दुसऱ्यांचे हिशेब तपासले मी;
असला नमुना कधी कुणी मागितला नव्हता.

मी बावन्न किलो.
समोरचे आबा घोरपडे सत्त्याण्णव.
आमची ही एकोणचाळीस.
"बांगड्यांसकट," ती म्हणाली ओशाळून,
जणू काट्यानं फसवून चार मासे जास्त दिले.

महिन्यानं कागद आले. मला उमजेनात.
ऋजुता म्हणाली, तुमच्याच भाषेत सांगते, काका.
आर्सेनिक म्हणजे आवक झालेली फाइल.
यकृत तिच्यावर एक शिक्का मारतं, मग दुसरा.
दोन पडले की जावक खिडकीतून बाहेर.
एकच पडून टेबलावर राहिली,
तर तीच सगळ्यात वाईट.

हे मला लगेच पटलं.
एका शिक्क्यावर अडकलेल्या फायली
माणसांचं काय करतात, मी पाहिलंय.

आणि शाई?
"पालेभाजीतून. डाळीतून. अंड्यातून."

आबांची जावक चोख निघाली.
ज्यांना डॉक्टर वर्षानुवर्षं वजनावरून रागावतात,
दाल बाजारातून परतताना ज्यांच्या हातून कचोरी सुटत नाही,
त्यांच्या दुसऱ्या शिक्क्याला खंड नाही!
असं कसं, मी विचारलं.
जाड अंगांत असं दिसतं खरं, ती म्हणाली,
पण का, ते नीट कळलेलं नाही अजून.
म्हणून जाड व्हा असं नाही हं.
आणि खरं औषध एकच, पाणी बदला.
आबा एवढं ऐकायला थांबलेच नव्हते,
गल्लीच्या टोकापर्यंत त्यांचा आवाज पोचला होता.

हिचा कागद मी शेवटी उघडला.
एका शिक्क्याचा ढीग.

सोमवार. चतुर्थी. दोन्ही एकादश्या.
भगर, बटाटा, आणि लोट्यामागून लोटा पाणी,
तेच पाणी,
पोट भरल्यासारखं वाटतं म्हणून.
एरवीही सगळ्यांना वाढून झाल्यावर
रिकाम्या कढईतून पोळीचा तुकडा फिरवायची
आणि उठायची.
मी ते काटकसर म्हणून
चारचौघांत कौतुकानं सांगत आलो.
सरकारच्या चार आण्यांचा फरक
मी रात्र रात्र जागून शोधलाय,
आणि माझ्या पाटाशेजारच्या ताटातली तूट
लग्नापासून आजवर...

वाक्य पुरं करत नाही.
आक्षेप नोंदवून ठेवतो.

आता टँकर येतो, एक दिवसाआड.
मी रांगेत कळश्या लावतो, मग मंडईत जातो.
चाकवत म्हटलं तर भाजीवाली बघत राहते,
बथुआ म्हणावं लागतं, तेव्हा जुडी हातात पडते.
घरी येऊन उन्हात बसून निवडतो.
ही दारातून सांगते, देठं एवढी टाकू नका,
आणि मी टाकलेली देठं
परत उचलून ताटलीत घेतो.
अंड्याचं नाव काढायची हिंमत नाही.
हरभरे भिजवलेत.

काल भाजी मीच केली, मीठ जरा जास्त.
पहिलं ताट तिचं वाढलं.
ती ताटाकडे बघत राहिली,
कुणा दुसऱ्याचं चुकून तिच्यापुढे आल्यासारखी.
"आज सोमवार आहे," ती म्हणाली.

मी डाव खाली ठेवला नाही.
तिनं ताट सरकवलं नाही.
भाजी निवत राहिली.